शिधा आणि जेवण

मराठी भाषेत 'शिधा' आणि 'जेवण' हे दोन शब्द निरनिराळे आहेत, आणि त्यांतील भेद आमच्या वाडवडिलांनी मोठ्या काटेकोरपणाने पाळलेला दिसतो. शिधा म्हणजे मोजून दिलेले कोरडे अन्न: इतके तांदूळ, इतकी डाळ, इतके पीठ, वर चार मिरच्या आणि मिठाचा खडा. जेवण म्हणजे कोणी तरी रांधलेले, कोणी तरी वाढलेले, आणि नको म्हटले तरी पानात पडणारे अन्न. जेवणाऱ्यास 'आमटी कशी झाली आहे?' असे विचारण्याची रीत आहे. शिधा घेणाऱ्यास असा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याने पदर किंवा पिशवी पुढे करावी आणि माप पुरे भरले की नाही एवढेच पाहावे. दारी आलेल्या याचकास शिधा मिळे, देवळातील पुजाऱ्यास मिळे, आणि फौजेतील शिपायासही मिळे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने धान्याची वाटणी आपल्या हाती घेतली, आणि घरोघर जे कार्ड आले त्यास यथाकाल 'शिधापत्रिका' हे नाव पडले. त्या नावात एक मोठा अर्थ दडलेला आहे असे आम्हांस वाटते. त्या दिवसापासून गृहिणी आणि तिची मुलेबाळे शिपायाच्याच पंक्तीस येऊन बसली.

युद्धातील शिध्याचा इतिहास लिहिणारे बहुधा मापाचा इतिहास लिहितात. किती पौंड पीठ, किती टन मांस, किती दिवसांचा साठा, हे आकडे त्यांच्या ग्रंथांत सापडतात. ते अन्न ज्याच्या पुढ्यात आले त्याने ते कसे खाल्ले, किंवा का खाल्ले नाही, ह्याचा उल्लेख झालाच तर तक्रार किंवा विनोद म्हणून होतो. आमच्या मते ही वाटणी बरोबर नाही. चव, सवय आणि रीत ह्या गोष्टी मापाच्या बाहेरच्या नाहीत; त्यांचा हिशेब सोडून दिला तर मापच फसते, आणि त्याचे मोल माणसांच्या प्राणांनी चुकवावे लागते. ह्याचे एक उदाहरण आम्ही येथे विस्ताराने घेणार आहोत. ते मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील आहे. परंतु त्यात सापडलेली माणसे पुष्कळशी आपल्याकडचीच होती.

आपल्या इतिहासाला भुकेची ओळख नाही असे नाही. थोरला बाजीराव घोड्यावर बसून, कणसे तळहातावर चोळून खात चालला आहे, ही आख्यायिका आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. ती ऐकताना कोणास बाजीरावाची कीव येत नाही, कारण ते खाणे त्याने स्वतः पत्करलेले असते. पानिपतची गोष्ट निराळी. १७६० च्या अखेरीस भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि लढवय्यांबरोबर आलेल्या हजारो बुणग्यांसह सारे लष्कर उपाशी पडले. १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज रणांगणात उतरली ती उपासमारीपेक्षा लढून मरणे बरे, असे ठरवून उतरली होती. कोरडी कणसे आणि उपास ही दोन्ही मराठी शिपायाने पाहिली होती. परंतु जे अन्न पोटभर आहे आणि तरीही खाता येत नाही, असे संकट त्याच्यापुढे उभे राहावयाचे होते.

तसले अन्न यंत्रयुगाबरोबर आले. १८१० साली निकोलस अपेर ह्या फ्रेंच गृहस्थास, अन्न काचेच्या पात्रांत बंद करून टिकविण्याच्या युक्तीबद्दल, फ्रान्सच्या सरकारने १२,००० फ्रँकांचे पारितोषिक दिले. थोड्याच वर्षांत इंग्रजांनी काचेच्या जागी पत्र्याचे डबे आणले. डबा उघडण्याचे हत्यार मात्र त्यानंतर चाळीसेक वर्षांनी निघाले. तोपर्यंत शिपाई संगिनीने किंवा छिन्नीने डबे फोडीत. पहिल्या महायुद्धापर्यंत डब्यातील खारे गोमांस आणि कडक बिस्किट हा इंग्रज शिपायाचा नित्याचा शिधा होऊन बसला होता. ते बिस्किट पीठ, मीठ आणि पाणी एवढ्यांचेच असे, आणि इतके कठीण असे की दगडाने फोडून, पाण्यात भिजवून त्याची लापशी करावी लागे. काही शिपायांनी त्यावर पत्ता लिहून ते टपालाने घरी धाडले, काहींनी त्यास भोक पाडून प्रियजनांच्या छायाचित्रांच्या चौकटी केल्या. अशी बिस्किटे लंडनच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. आघाडीवरील इंग्रज शिपायास कागदावर दररोज सुमारे ४,००० कॅलरींचे अन्न मिळत होते. पोषणाच्या दृष्टीने ते थोडे नव्हते. तरी युद्धावरून परत आलेल्या कित्येकांनी पुढे जन्मभर प्लम आणि सफरचंदाच्या मुरंब्यास हात लावला नाही, कारण खंदकात तोच मुरंबा त्यांस रोज मिळे.

हिंदी शिपायाच्या बाबतीत सरकारास चवीपेक्षा रीतीची चिंता अधिक होती. १८५७ च्या काडतुसांचा धडा इंग्रज विसरले नव्हते. १९१४ साली हिंदी पलटणी फ्रान्समध्ये उतरल्या तेव्हा त्यांच्यासाठी जिवंत बकरी-मेंढरे नेण्याची आणि झटका व हलाल अशी निरनिराळी सोय करण्याची व्यवस्था झाली. आटा, डाळ, तूप, गूळ, मसाला समुद्रापार धाडण्यात आला. इंग्लंडात ब्रायटन येथील राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांसाठी जे रुग्णालय उघडले त्यात नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे होती, आणि हिंदू व मुसलमान ह्यांच्यासाठी पाण्याचे नळही वेगळे होते. ह्या व्यवस्थेत जाहिरातीचा भाग पुष्कळ होता, हे उघड आहे; त्या राजवाड्याची चित्रे हिंदुस्थानात मुद्दाम पसरविली गेली. परंतु त्यावरून एवढे निश्चित ठरते की, शिपायाच्या रीतीचा मान राखून त्यास पोटभर जेवू घालणे हे त्या सरकारास अशक्य नव्हते. जेथे इच्छा होती, पैसा होता आणि पाहणारे डोळे होते, तेथे ते झाले.

जेथे ह्यांपैकी काहीच नव्हते, ते ठिकाण म्हणजे मेसोपोटेमिया.

त्या मोहिमेवर गेलेली सहावी डिव्हिजन ही 'पुणे डिव्हिजन' म्हणून ओळखली जाई. तीत १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा ह्या तीन पलटणी होत्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर ह्या मुलखांतील घराघरांतून तीत माणसे गेली होती. त्यांच्याबरोबर राजपूत आणि पंजाबी हिंदू, शीख व मुसलमान शिपाई होते, आणि डॉर्सेट, नॉरफोक वगैरे गोऱ्या पलटणीही होत्या. जनरल टाउनशेंड ह्यांच्या हाताखाली ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे चालली होती. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी टेसिफोन येथे ती अडली, जबर हानी सोसून मागे फिरली, आणि डिसेंबरच्या आरंभी कुत-अल-अमारा ह्या गावात येऊन थांबली. ७ डिसेंबरपर्यंत तुर्कांनी तिला चोहोंकडून वेढले. हा वेढा सुमारे पाच महिने चालला.

वेढ्यात सापडलेल्या सेनापतीचे पहिले काम म्हणजे कोठारातील अन्न मोजणे. ते येथे नीट झाले नाही. टाउनशेंड ह्यांनी आरंभी कळविले की, गोऱ्या शिपायांस एक महिना आणि हिंदी शिपायांस दोन महिने पुरेल एवढेच अन्न आपणाजवळ आहे. ह्या निरोपाने घाबरून सुटकेसाठी निघालेली फौज, पुरती तयारी होण्यापूर्वीच, जानेवारीच्या चिखलात तुर्कांच्या खंदकांवर आदळली आणि हजारोंनी माणसे गमावून बसली. नंतर कुतमधील घरांची झडती घेण्यात आली, दडवून ठेवलेले धान्य बाहेर निघाले, आणि जानेवारीच्या अखेरीस त्याच सेनापतींनी कळविले की, जनावरे धरून आपणाजवळ ८४ दिवसांचे अन्न आहे. सुटकेच्या सर्व प्रयत्नांत मिळून सुमारे २३,००० माणसे मेली किंवा जखमी झाली. म्हणजे आत कोंडलेल्या फौजेहून अधिक. माप हेच ज्यांचे शास्त्र, त्यांच्या हातून मापच चुकले, आणि त्याची किंमत ती झाली.

'जनावरे धरून' ह्या दोन शब्दांत पुढील सर्व दुःख साठविलेले आहे. तोफा ओढणारे, रसाल्याचे आणि सामानाचे मिळून सुमारे ३,००० घोडे व खेचरे कुतमध्ये होती. जानेवारीच्या अखेरीपासून ती कापून त्यांचे मांस वाटण्यास आरंभ झाला. गोऱ्या शिपायांनी कुरकुर करीत ते खाल्ले. हिंदी शिपायांनी, काही थोडे वगळता, ते नाकारले. त्यांच्या वाट्यास उरले ते पीठ, आणि तेही दिवसेंदिवस घटत गेले. डाळ संपली, तूप संपले. नदीकाठचे तण आणि गवत खुडून त्याची भाजी शिजविण्यात आली. त्यातील काही विषारी निघाले. एप्रिलात पिठाचे माप दररोज चार-पाच औंसांवर, म्हणजे दहा-बारा तोळ्यांवर आले. एवढ्या पिठाच्या दोन लहान भाकऱ्याही नीट होत नाहीत. रात्री पहारा करणारे शिपाई अशक्तपणाने उभ्या जागी मरून पडलेले आढळू लागले.

येथे वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध झालेली एक गोष्ट घडली. कुतमधील मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर ह्यांच्या ध्यानात आले की, एकाच गावात, एकाच वेढ्यात दोन निरनिराळे रोग दोन निरनिराळ्या लोकांस होत आहेत. गोऱ्या शिपायांस बेरीबेरी होत होता: पाय सुजत, हातापायांतील शक्ती जाई, हृदय थकून मनुष्य मरे. हिंदी शिपायांस स्कर्व्ही होत होता: हिरड्या सुजून काळ्या पडत, दात हालत, जुन्या जखमा पुन्हा उकलत. गोऱ्यांस स्कर्व्ही जवळजवळ नव्हता. हिंदी लोकांस बेरीबेरी नव्हता. ह्याचे कारण ताटात होते. गोरा शिपाई पांढऱ्या मैद्याची पाव-रोटी खात होता, आणि मैद्यात धान्याचा कोंडा व अंकुर ह्यांबरोबर ते जीवनसत्त्व निघून गेलेले असते ज्याच्या अभावी बेरीबेरी होतो. हिंदी शिपायाच्या आट्यात ते होते. उलट घोड्याच्या ताज्या मांसात स्कर्व्हीस रोखणारे सत्त्व थोडेसे असते. ते गोऱ्यास मिळत होते, हिंदी शिपायास मिळत नव्हते. पुढे पांढरा मैदा संपला, गोऱ्या शिपायांच्याही वाट्यास आटा आणि जवाचे भरड पीठ आले. त्यांनी ते तोंड वाकडे करून खाल्ले, आणि बेरीबेरी नाहीसा झाला.

ह्या हकीकतीचा एकच अर्धा भाग सांगण्याचा प्रघात आहे. पुष्कळशा इंग्रजी लेखनात असे चित्र आढळते की, हिंदी शिपाई आपल्या धर्मभोळेपणामुळे अन्न समोर असता उपाशी मेला. दुसरा अर्धा भाग असा आहे की, इंग्रज शिपाई आपल्या पांढऱ्या पावाच्या आवडीमुळे भरल्या पोटी आजारी पडला. त्याच्या आवडीस कोणी धर्मभोळेपणा म्हटले नाही, कारण ती आवड माप घेणाऱ्याचीच होती. दोघांनाही त्यांच्या रीतीनेच दगा दिला; परंतु एकाच्या रीतीस 'सवय' हे नाव मिळाले आणि दुसऱ्याच्या रीतीस 'दुराग्रह' हे. हा न्याय आम्हांस मान्य होण्यासारखा नाही.

मग हिंदी शिपायाने घोड्याचे मांस का नाकारले? मराठा शिपाई मांसाहारी होता. बकऱ्याचे मांस त्यास वर्ज्य नव्हते. परंतु घोडा त्याच्या मनात खाण्याच्या जनावरांत मोडतच नव्हता. दसऱ्यास ज्याच्या कपाळी कुंकू लावावयाचे, ज्याच्यावर खंडोबा बसतो, त्यास चुलीवर चढविणे ही त्याच्या कल्पनेबाहेरची गोष्ट होती. ह्याहूनही मोठे कारण शिपायांनी स्वतःच आपल्या अधिकाऱ्यांस सांगितले होते. ते मरणास भीत नव्हते, ते परत जाण्यास भीत होते. हे मांस खाल्ल्याचे गावात कळले तर पंक्तीस कोण घेईल, आणि मुलींची लग्ने कोणाशी होतील, असा त्यांचा सवाल होता. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे ज्या समाजात एकाच दोरीने बांधलेले आहेत, तेथे ही भीती पोकळ म्हणता येणार नाही. आपणास वाटते जीभ ज्याची त्याची असते. वस्तुतः ती सबंध गावाची असते. शिपायाच्या ताटात कुतमध्ये जे वाढले जात होते त्याकडे साताऱ्यातील आणि संगमेश्वरातील घरे पाहत होती.

हे सेनापतीस अगदीच कळले नाही असे नव्हे. बिनतारी संदेशाने हिंदुस्थानातील पंडित आणि मौलवी ह्यांची अनुज्ञा मागविण्यात आली आणि ती आलीही. परंतु अनुज्ञा वाचून दाखविणे वेगळे आणि तिजवर शिपायाचा विश्वास बसणे वेगळे. एकट्यादुकट्याने खाण्यास कोणी तयार होईना. सगळ्यांनी एकदम खाल्ले तरच कोणास कोणाकडे बोट दाखविता येणार नव्हते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेनापतींनी निर्वाणीचा हुकूम काढला, आणि मग थोड्याच दिवसांत बहुसंख्य हिंदी शिपाई ते मांस खाऊ लागले. म्हणजे अडचण सुटण्यासारखी होती. ती जानेवारीत सोडविण्याचा नेट कोणी धरला असता, तर कित्येक शेकडा माणसे स्कर्व्हीतून वाचली असती. ती सुटली तेव्हा वेढ्याचे पंधरा-वीस दिवस उरले होते आणि शरीरे वाळून गेली होती.

शेवटच्या दिवसांची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मार्चच्या अखेरीस दळणासाठी जात्याची एक जड तळी विमानातून कुतमध्ये टाकण्यात आली. एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांनी १५,००० पौंडांहून अधिक धान्य टाकले; वेढ्यातील लोकांस आकाशातून अन्न पोहोचविण्याचा जगातील हा पहिलाच मोठा प्रयत्न होय. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती लागली, आणि जी आत पडली ती इतक्या तोंडांस अपुरी होती. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन अन्न घेऊन 'जुलनार' नावाची आगबोट तुर्कांच्या तोफांतून वाट काढीत निघाली. नदीत आडव्या बांधलेल्या तारदोरांत ती अडकली आणि शत्रूच्या हाती गेली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. तुर्कांनी कैद्यांस प्रथम जे अन्न दिले ते कडक, भरड बिस्किट होते. भुकेल्यांनी ते अधाशीपणाने खाल्ले, आणि त्यांतील कित्येक जण पोटाच्या विकाराने पहिल्या काही दिवसांतच मेले. पुढे वाळवंटातील पायपीट आणि कैद ह्यांत गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून अधिक व हिंदी शिपायांपैकी हजारो दगावले. ह्या मोहिमेच्या अव्यवस्थेची चौकशी होऊन १९१७ साली अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन ह्यांस राजीनामा द्यावा लागला.

कुतच्या धड्याचा उपयोग मात्र झाला. १९१७ साली लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम ह्या दोन विदुषींनी, बेरीबेरी आणि स्कर्व्ही रोखणारी सत्त्वे फौजेच्या शिध्यास योग्य अशा कोणत्या पदार्थांत असतात, ह्याचा शोध प्रसिद्ध केला. ताजी भाजी किंवा फळे जेथे मिळत नाहीत तेथे स्कर्व्हीवर काय उपाय करावा, ह्याचे ह्या संशोधनातून निघालेले उत्तर असे होते: अख्खे कडधान्य भिजवावे, त्यास मोड आणावेत, आणि फार वेळ न शिजविता ते खावे. कोरड्या दाण्यात जे सत्त्व नसते ते मोड येताच उत्पन्न होते.

हे उत्तर वाचून मराठी वाचकास हसावे की रडावे हे कळणार नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ आणि वालांचे बिरडे हे आपल्या घरातील अगदी साधे पदार्थ. कोकणातल्या आणि देशावरच्या प्रत्येक आजीस फडक्यात कडधान्य बांधून मोड आणता येतात. त्यात स्कर्व्हीचे औषध आहे हे त्या आजीस ठाऊक नव्हते, हे खरे. तसा दावा करणे खोटेपणाचे होईल. परंतु फौजेने जी डाळ नेली ती फोडलेली होती, आणि फोडलेल्या डाळीस मोड येत नाहीत. त्याच शिध्यात अख्खी मटकी किंवा हरभरे असते, आणि शिपायास त्याच्या घरच्या रीतीने ते शिजवू दिले असते, तर चव, रीत आणि आरोग्य ह्या तिन्ही गोष्टी एकाच पातेल्यात साधल्या असत्या. मापात फरक पडला नसता. त्यासाठी एवढेच हवे होते की, शिधा ठरविताना कोणी तरी शिपायास विचारावे, 'तुम्ही घरी काय खाता?'

आता दुसऱ्या पंक्तीकडे, म्हणजे मुलांकडे वळू. शिपाई आणि मूल ह्या दोघांत एक साम्य आहे: आपण काय खावे हे दोघांनाही ठरविता येत नाही. म्हणूनच, आमच्या समजुतीप्रमाणे, नावडत्या अन्नाची आठवण ह्या दोघांच्या मनात सर्वांत अधिक काळ टिकते. दुसऱ्या महायुद्धात वाढलेली इंग्रज मुले पुढे म्हातारी झाली तरी अंड्यांची भुकटी, कॉड माशाच्या तेलाचा चमचा आणि १९४२ साली निघालेला करड्या रंगाचा 'नॅशनल लोफ' नावाचा पाव ह्यांविषयी नाक मुरडून बोलत. ब्रिटनमधील नियंत्रण १९५४ च्या जुलैपर्यंत चालले, म्हणजे त्यातील काही मुलांचे सबंध बालपण त्यात गेले. तथापि त्या वर्षांत गरीब घरांतील मुलांचे पोषण पूर्वीपेक्षा सुधारले, ही गोष्ट निर्विवाद आहे. करडा पाव कोंड्यासकट होता, आणि तो सर्वांस सारखा होता. कुतमधील जवाच्या पिठाप्रमाणे तोही नावडता आणि हितकारक होता. तेव्हा जिभेस न रुचणारे ते सारे वाईट, असा आमचा पक्ष नाही.

आपल्याकडे मुंबईत १९४३ साली शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. तेथील अन्नछत्रांतून भात खाणाऱ्या लोकांस बाजरी मिसळलेली पेज वाटली गेली, आणि उपासाने दुबळी झालेली पोटे ती सोसू शकली नाहीत. महाराष्ट्रातील आमच्या पिढीचा अनुभव १९७२ च्या दुष्काळातला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडीत आणि तलावांचे बांध घालीत होती, आणि रेशनच्या दुकानांतून 'मिलो' नावाची तांबडी अमेरिकन ज्वारी मिळत होती. ज्वारी हे तर आपले अन्न; तीच जात, तेच कूळ. परंतु ह्या ज्वारीचे पीठ तांबूस निघे, भाकरी थापताना कडेने चिरे, आणि तव्यावरून उतरली की थोड्याच वेळात कडक होई. आमच्या घरी आजी उकळत्या पाण्याने पीठ मळून ती भाकरी कशीबशी जुळवून आणी, आणि लसणीच्या चटणीखाली तिचा रंग झाकी. आम्ही मुले तिचे तुकडे पाटाखाली सरकवीत असू. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि शाळेत मिळणारे भुकटीचे, गुठळ्या तरंगणारे दूध, ह्यांचीही चव त्या पिढीतील माणसे अजून ओळखतात.

त्या भाकरीने कोणाचा जीव गेला नाही. उलट लाखोंचे जीव त्या धान्याने वाचले, ह्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मग ती भाकरी घशाखाली का उतरत नसे? केवळ चवीमुळे नव्हे. 'अमेरिकेत हे गुरांना घालतात' असे मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत, आणि ते आम्हां मुलांस ऐकू येई. ती गोष्ट खोटीही नव्हती. अमेरिकेत ती ज्वारी मुख्यतः जनावरांच्या चाऱ्यासाठीच पिकविली जाई. भुकेच्या वेळी मनुष्य पुष्कळ गोष्टी खातो. परंतु आपल्यास काय दिले जात आहे ह्याबरोबर आपल्यास काय समजून दिले जात आहे, हेही तो गिळीत असतो. कुतमधील शिपायास घोड्याच्या मांसात आपल्या गावाची नजर दिसली. आम्हांस तांबड्या भाकरीत परक्या गोठ्याची गव्हाण दिसली. दोन्ही प्रसंगी अन्नाचे माप पुरे होते आणि मान कमी पडला होता.

ह्यावरून शिधा देणाऱ्यांस काही सांगावयाचे तर ते फार अवघड नाही. संकटकाळी आवडीनिवडी पुरविता येत नाहीत, हे कोणीही समंजस मनुष्य मान्य करील. परंतु कोणाची रीत कोणती, कोणते धान्य कोणाच्या चुलीवर शिजते, कोणत्या गोष्टीस कोणाची अनुज्ञा लागते, हे आधी विचारण्यास एक पैही पडत नाही. ब्रायटनमध्ये नऊ चुली पेटविता आल्या, त्या विचारल्यामुळे. कुतमध्ये ते विचारणे तीन महिने उशिरा झाले.

मेसोपोटेमियात ज्यांच्या देहांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांच्यासाठी १९२९ साली बसरा येथे एक स्मारक उघडण्यात आले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली होती, हिंदी अधिकाऱ्यांचीही होती. हिंदी शिपायांची मात्र नावे नव्हती. अमुक पलटणीचे इतके, तमुक पलटणीचे इतके, अशा संख्या होत्या. हे अन्यायाचे होते असे युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या मंडळाने २०२१ साली आपल्या अहवालात कबूल केले. आम्हांस त्यात आश्चर्य वाटत नाही. ज्यांस जिवंतपणी केवळ मापाने अन्न मिळाले, त्यांची मरणोत्तर नोंदही मापानेच झाली. परंतु ह्या मराठी पलटणींतील प्रत्येक आकड्यामागे रत्नागिरीकडील किंवा साताऱ्याकडील एक स्वयंपाकघर होते, जेथे त्या मनुष्यास काय आवडते हे कोणास तरी ठाऊक होते.